मोड

दमट दिवसात नोटा उघडू नयेत
हे बँकेत एकतीस वर्षं ऐकत आलो,
पाळायला लागलो निवृत्तीनंतर.
गॉलच्या किल्ल्यात समुद्राकडची खिडकी लावून बसतो.
चिमटा, भिंग, प्लॅस्टिकचे पातळ खिसे.
खारी हवा कागद खाते,
वाळवीहून सावकाश, पण नेमाने.

माझ्याकडे फक्त लढाईतल्या आहेत.
तांबं तोफांच्या तोंडी गेलं
तेव्हा सिलोनात चिल्लरसुद्धा कागदाची निघाली.
त्यातलीच ही, पाच सेंटची.
मधून छिद्रांची ओळ, पोस्टाच्या तिकिटांना असते तशी;
एकीकडे दोन, दुसरीकडे तीन.
काडेपेटी घ्या दोन सेंटची,
दुकानदार टर्रकन फाडायचा,
तीन तुमच्या हातात परत.
नोट मोडणं म्हणजे खरोखरच मोडणं.

म्हणून अख्खी सापडत नाही.
मला सतरा वर्षं लागली.
मातऱ्याच्या एका मेलेल्या नोटरीच्या दप्तरात होती,
करकरीत, घडी नाही, डाग नाही,
भिंगाखाली एकेक छिद्र शाबूत.
तिनं आयुष्यात कधी काडेपेटीही घेतली नव्हती,
हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

मंगळवारी गुणावती आली, मगल्लेहून.
हातात टाल्कम पावडरचा डबा,
डब्यात फडकं, फडक्यात
तीन सेंट.

फाटकी आहे, मी म्हणालो. किंमत शून्य.
माझा आवाज कॅशियरचा होता, खिडकीच्या जाळीमागचा.

ती म्हणाली, विकायला नाही आणली.
हिचा दुसरा भाग कसा दिसतो, तेवढं बघायचं होतं.

तिचा मामा, पोडिसिंघो, अकरा वर्षांचा.
स्टेशनावर कुणा सोल्जराची ट्रंक उचलून पाच सेंट मिळवले
आणि उंबऱ्यावर बसून फाडले:
तीन बहिणीला, एंगल्तिनाला,
दोन स्वतःला, कोलंबोला जायला.
बंदरात पोरांना काम देतात म्हणे.
नंतर काही नाही.
पत्र नाही, प्रेत नाही,
आईच्या डब्यात हे एवढं.

मी अख्खी काढली. नियम मोडून
तिच्यासमोर ठेवली, खिशासकट.
तिनं आपला तुकडा तीनावर अलगद टेकवला
आणि उरलेल्या दोनाकडे बघत बसली,
एखाद्याच्या चेहऱ्याकडे बघावं तशी.

तुकडा ओळीबाहेर येत होता.
पोरानं सरळ फाडलं नव्हतं;
दोनाचा एक कोपरा, नखाएवढा,
बहिणीकडेच राहून गेलेला.

जाताना तिनं विचारलं,
दोन सेंटात किती लांब जाता यायचं?

मला छपाईची तारीख ठाऊक आहे, सह्या ठाऊक आहेत,
लंडनच्या लिलावात कुठल्या साली काय भाव आला तोही.
हे ठाऊक नव्हतं.

गुरुवारी आरोन अप्पूकडे गेलो.
नव्वदी उलटलेली, एक डोळा गेलेला,
लढाईत बसच्या मागच्या फळीवर लटकणारा पोऱ्या.
दोन सेंट? त्यानं हवेत बोटं मोजली.
गिंतोटाचा पूल. पुढे चालायचं.

मी निघालो होतो, चपला घातल्या होत्या.
सहज म्हणालो, कोपरा नसला तर?

म्हातारा हसला. दात नव्हते.
कोपरा नसलेली कोण घेणार?
मालक आमच्या पगारातून कापायचा.
उतरवत होतो आम्ही. पोरं रडायची. काय करणार?

संध्याकाळी गुणावतीला फोन लावला.
तिच्या घरात कुकरची शिट्टी होत होती.
पुलापर्यंत, मी सांगितलं.
गिंतोटाच्या पुलापर्यंत बसनं गेला असेल.

बरं झालं, ती म्हणाली.
तेवढं तरी बसून गेला.